खाली, खाली, एंटर

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या मागच्या गल्लीत,
सानपांच्या शेडमध्ये
सकाळी साडेआठला वायरकट गप्प होतं.
केसाएवढी पितळी तार पाण्यात ताणलेली,
आणि शेजारचा कॉम्प्युटर
कुणाला काही न विचारता
थेट बिलांच्या विंडोजमध्ये जाऊन बसलेला.

रात्री अपडेट आलं होतं.
त्यानं यादीच पुसली.

एका डिस्कवर तिघी नांदत होत्या.
जुनी एक्सपी, तिच्याशिवाय वायरकटला कुणाचं बोलणं कळत नाही,
बनवणारी तैवानची कंपनी कधीच बुडाली.
दहा नंबरची विंडोज, जीएसटीपुरती.
आणि उबंटू,
सानपांच्या कल्याणीनं बारावीच्या सुट्टीत गुपचूप घातलेली.

"त्यातल्या त्यात चांगला कुठला टाकाल?"
सानप विचारतात, टायर निवडावा तसं.
बशीतला चहा संपवून मी सांगतो:
विंडोजचा स्वतःचा लोडर भाऊबंद तेवढे ओळखतो,
उबंटू समोर आली की मान वळवतो.
चित्रांचा एक आहे, देखणा,
पण तुमचा मदरबोर्ड त्याच्या जन्माआधीचा.
उरला ग्रब. काळा पडदा, पांढरी अक्षरं,
रूपानं काही नाही,
मात्र डिस्कवर जे जे सापडेल त्याचं नाव लिहून घेतो,
आणि मग थांबतो.

किती थांबतो, यावर वाद.
कल्याणी म्हणाली तीन सेकंद, त्याहून जास्त कोण बघतं.
सानप म्हणाले तीस,
लाइट येते तेव्हा मी टपरीवर असतो.
मी दहा लिहिले. दोघांनाही पटले नाहीत.

निवृत्ती भोये यात काही बोलले नाहीत.
पेठकडचे. अकरा वर्षं हे यंत्र त्यांच्याच हाताखाली.
शाळा चौथीपर्यंत.
पडद्यावरचं इंग्रजी त्यांनी कधी वाचलं नाही,
त्यांचं बोटच वाचतं:
खाली, खाली, एंटर.

म्हणून म्हटलं, नावं मराठीत लिहू.
ग्रबला देवनागरी येते,
पण शेजारच्या खिडकीतून ऐकून शिकल्यासारखी.
वेलांटी भलत्याच बाजूला पडते, जोडाक्षराचा पाय मोडतो.
'अभ्यास' लिहिलं, तो मधेच तुटला.
'यंत्र' तर उभंच राहिलं नाही.
मग न मोडणारे शब्द शोधत बसलो, अर्धा तास.
तार.
बील, दीर्घ, व्याकरणाची माफी मागून.
शाळा.
कामाची म्हणून तार सगळ्यात वर.

बटण दाबलं.
भोये पुढे वाकले.
"तार," ते मोठ्यानं म्हणाले,
आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, बरोबर ना, अशा नजरेनं.
मग बोट सवयीनं उतरलं:
खाली, खाली, एंटर.

शाळा उघडली.
जांभळा पडदा, कल्याणीच्या फायली,
वर्तुळं, त्रिकोण, बेडकाचं हृदय,
शनीच्या कड्यांचा एक फोटो.
सानप हसले, कल्याणी हसली,
ऑइलचा कॅन घेऊन आलेला पोऱ्याही हसला.
भोये नाही.
हात पँटला पुसत ते बघत राहिले.
"हे इथंच होतं?" त्यांनी विचारलं,
"रोज?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

यादी पुन्हा बदलली, तार तिसरी केली.
सातपूरला पाचच्या आत पन्नास गिअर द्यायचे होते,
आज बोटांना नवं काही शिकवायला वेळ नव्हता.
खाली, खाली, एंटर.
पाण्यात बारीक निळी ठिणगी पडली,
आणि सानपांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

साडेसहाशे झाले. पाचशेच दिले, उरलेले पुढच्या वेळी.
गाडीला किक मारत होतो,
तेवढ्यात कल्याणी पळत आली दारापर्यंत.
"भोयेकाका विचारतायत,
ते दहा सेकंद
जरा वाढवता येतील का?"